बामाकोच्या नाचऱ्या रात्री आणि मालिकचं दुकान

मालिक सिदिबे फोटोच्या धंद्यात शिरला तो रंग-ब्रश घेऊन. मालीतल्या सोलोबा गावच्या गुराखी घरातला हा पोरगा चित्रं छान काढायचा, म्हणून बामाकोच्या कारागिरी शाळेत पोचला. देशावर तेव्हा फ्रेंचांचा अंमल होता. १९५५ मध्ये जेरार गियाट या फ्रेंच फोटोग्राफरला आपलं दुकान सजवून हवं होतं. ते काम मालिकला मिळालं आणि तो तिथेच चिकटला. पुढच्या वर्षी त्याने कोडॅकचा साधा ‘ब्राउनी फ्लॅश’ कॅमेरा घेतला. गोऱ्यांचे समारंभ मालकाकडे, स्थानिकांचे मालिककडे, अशी कामाची वाटणी झाली. वाटणी मालकाच्या सोयीची होती खरी, पण खरी मजा स्थानिकांच्याच वाट्याला होती.

१९६० साली माली स्वतंत्र झाला. बामाकोच्या पोरापोरींना ट्विस्ट, रॉक अँड रोल आणि क्युबन संगीताचं वेड लागलं. गल्लोगल्ली क्लब निघाले, त्यांना आवडत्या गायक-वादकांची नावं दिली गेली. आठवड्याच्या शेवटी रात्री पार्ट्या रंगत आणि ‘मालिक येणार’ म्हटलं की पार्टीचा भाव वाढे. तो एका रात्रीत अनेक ठिकाणी जाई.

पण नाचाचे फोटो काढून पोट भरत नाही. पोट भरलं ते पुढच्या कामावर. पार्टी आटोपली की बागादाजी मोहल्ल्यातल्या आपल्या ‘स्टुडिओ मालिक’मध्ये येऊन तो फिल्म धुवायचा, छोटे छोटे प्रिंट काढायचा, त्यांना नंबर घालून पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवायचा आणि पुठ्ठे सगळ्यांना पाहायला ठेवायचा. मंडळी येऊन आपापले चेहरे शोधत आणि हव्या त्या नंबराच्या मोठ्या प्रिंटची ऑर्डर देत. आपल्याकडच्या लग्नाच्या अल्बमवाल्यालाही हा हिशेब ओळखीचा वाटेल.

१९६३ च्या ‘नाताळची रात्र’ या फोटोत एक मुलगा आणि त्याची बहीण नाचताहेत. कपाळाला कपाळ जवळजवळ टेकलंय, दोघांची नजर पायांकडे. बहीण अनवाणी. कॅमेऱ्याकडे कुणाचंच लक्ष नाही. पोझ देणाऱ्यांच्या त्या जमान्यात हेच नवल.

स्टुडिओत मात्र पोझच पोझ. पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यापुढे कुणी ट्रान्झिस्टर घेऊन बसे, कुणी मोटरसायकलसकट. नव्याने मिळालेली ऐट साऱ्या गावाला दाखवायची होती.

सत्तरच्या दशकात पार्ट्यांचा बहर ओसरला. पुढे रंगीत प्रिंट करून देणाऱ्या स्वस्त लॅब आल्या आणि कृष्णधवल कामाचा बाजार बसला. ओळखपत्रांचे फोटो आणि बिघडलेले कॅमेरे दुरुस्त करणं यावर दुकान तगलं. निगेटिव्ह मात्र त्याने जपून ठेवल्या. हा त्याचा सर्वांत शहाणा व्यवहार, असं आज म्हणावं लागतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आंद्रे मान्यँ हा फ्रेंच जाणकार बामाकोत आला तो मालिकच्या शोधात नव्हे, सेदू कैता या आधीच्या पिढीतल्या फोटोग्राफरच्या. तो पोचला मालिकच्या दारात, आणि मालिकनेच त्याला कैताकडे नेलं. १९९५ मध्ये पॅरिसच्या कार्तिये प्रतिष्ठानात मालिकचं प्रदर्शन भरलं. २००३ साली फोटोग्राफीचा हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. २००७ मध्ये व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनाने जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला. तोवर तो कुठल्याही फोटोग्राफरला मिळाला नव्हता आणि कुठल्याही आफ्रिकन कलावंतालाही नाही. एव्हाना मालिक सत्तरीत पोचला होता, आणि बागादाजीतला स्टुडिओ चालूच होता.