प्रकाशऊर्जेचे संक्रमण आणि विसर्जन : ट्रॉम्बे येथील तापदीप्ती संशोधनाचा मागोवा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वालावल येथे लक्ष्मीनारायण मंदिराच्या परिसरात माड-पोफळीची दाट सावली आहे. पोफळीवर चढलेल्या मिरीवेलीला दिवसभर कवडशांवर भागवावे लागते. माडाच्या शेंड्यावरील झावळीला मात्र वैशाखातले ऊन थेट सोसावे लागते. एकीला प्रकाश पुरत नाही, दुसरीला तो पेलत नाही. हरितलवकांची मूळ यंत्रणा मात्र दोन्हींकडे एकच. प्रकाशसंश्लेषणाच्या संशोधनाचा इतिहास बहुधा प्रकाश टिपण्याच्या अंगाने सांगितला जातो. जास्तीचा प्रकाश टाकून देण्याचा इतिहासही तितकाच महत्त्वाचा असून त्यातील एक प्रकरण मुंबईत घडले आहे.

१९३२ मध्ये इमर्सन व अर्नोल्ड यांनी क्लोरेला या शैवालावर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकले. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे हरितद्रव्याचे सुमारे २५०० रेणू असल्याचे त्यांना आढळले. बहुसंख्य रेणू केवळ प्रकाश टिपतात व ऊर्जा मोजक्या अभिक्रिया केंद्रांकडे पोहोचवतात, असा अर्थ गॅफ्रॉन व वोल यांनी १९३६ मध्ये लावला. शेजारच्या रेणूंत ऊर्जा अनुनादाने संक्रमित होते, हे पुढे फॉर्स्टर यांच्या सिद्धांताने स्पष्ट झाले. त्यासाठी रेणूंमधील अंतर व त्यांची दिशा नेमकी असावी लागते आणि ते काम प्रथिन करते. पालकातील अशा एका प्रथिनात हरितद्रव्याचे १४ व कॅरोटिनॉइडांचे ४ रेणू कसे बसवलेले आहेत, हे २००४ मध्ये स्फटिकरचनेवरून दिसले.

अभिक्रिया केंद्रे गुंतलेली असताना प्रकाश येतच राहिला, तर हरितद्रव्य त्रिक अवस्थेत जाते. या अवस्थेतून निर्माण होणारा उत्तेजित ऑक्सिजन प्रथिनांची हानी करतो. ही अवस्था पानात शोधायची कशी? अर्नोल्ड व शेरवुड यांनी १९५७ मध्ये हरितलवकांत तापदीप्ती, म्हणजेच थर्मोल्युमिनेसन्स, दाखवून दिली होती. नमुना गोठवून प्रकाशित करायचा आणि मग अंधारात हळूहळू तापवायचा. अडकलेले विद्युतभार सुटून पुन्हा एकत्र येतात, तेव्हा मंद प्रकाश बाहेर पडतो. तो कोणत्या तापमानाला पडतो, यावरून ऊर्जा किती खोल अडकली होती ते कळते. किरणोत्सार मोजण्यासाठी स्फटिकांवर वापरले जाणारे हे तंत्र अणुसंशोधनाला परिचितच होते. त्यामुळे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ते पानांकडे वळावे, यात नवल नाही.

तेथील पी. व्ही. साने, व्ही. जी. ताटके व टी. एस. देसाई यांनी १९७४ मध्ये हरितद्रव्याच्या त्रिक अवस्थेविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. १९८१ मध्ये ताटके, देसाई, गोविंदजी व साने यांनी या ऊर्जासापळ्यांची सक्रियण ऊर्जा व त्यांतील इलेक्ट्रॉनांचा आयुःकाल मांडला. तापदीप्तीच्या आलेखातील शिखरांना आकड्यांची भाषा मिळाली, ती येथे. या कामाचे खरे मोल त्यातच आहे.

दरम्यान विसर्जनाचा शोध दुसरीकडे सरकला होता. यामामोटो यांनी १९६२ मध्ये कॅरोटिनॉइडांचे चक्र उलगडले होते. १९८७ मध्ये डेमिग यांनी झिअॅझँथिनचा संबंध उष्णतारूपी विसर्जनाशी जोडला, तर २००० मध्ये पीएसबीएस हे प्रथिन नियोगी यांच्या गटाला गवसले. हे सारे प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनांभोवतीचे होते. साने यांनी मात्र एक्विस्ट व ह्यूनर यांच्या गटांबरोबर तीच जुनी तापदीप्ती पुन्हा हाती घेतली. थंडीला सरावलेल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये तिची शिखरे नेहमीच्या तापमानावरून सरकलेली दिसली. खुद्द अभिक्रिया केंद्रही ऊर्जा विसर्जित करते, ही मांडणी त्यांनी २००३ व २००८ च्या निबंधांत केली.

विसर्जनाला किंमतही असते. कवडसा सरून सावली आली तरी ही यंत्रणा लगेच थांबत नाही. मिळेल तो प्रकाश पान काही मिनिटे उष्णतेतच घालवते. ती लवकर थांबेल असा बदल तंबाखूत केल्यावर शुष्क वजन सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्याचे २०१६ मध्ये आढळले. पोफळीच्या सावलीतील मिरीवेलीला असे कवडसे दिवसातून कितीदा तरी मिळतात.