नाकातील प्रतिजैविक मलम : उपयोग आणि अपाय

नाक कोरडे पडले, आत खपली धरली किंवा किंचित रक्त आले, की जखमेसाठी आणलेले उरलेसुरले मलम बोटाने नाकात लावण्याची सवय अनेक घरांत आढळते. औषध जंतुनाशक आहे, मग त्याने अपाय तो कसला, असा त्यामागे समज असतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

नाकाच्या आतील अस्तर नाजूक व ओलसर असते. त्यावरील अतिसूक्ष्म रोम सेकंदाला सुमारे १० वेळा हलतात आणि धूळ व जंतू अडकलेला चिकट द्रव घशाकडे ढकलतात. तीव्र जंतुनाशकांमुळे या रोमांची हालचाल मंदावू शकते. मग तो द्रव साचतो व खपल्या वाढतात.

मलमातील मूळ औषधाइतकाच त्याचा आधारद्रव्यही महत्त्वाचा असतो. म्युपिरोसिनचे २ टक्क्यांचे त्वचेचे मलम पॉलिइथिलीन ग्लायकॉलमध्ये मिसळलेले असते. ते नाकात लावल्यास आग व चुरचुर होते. म्हणूनच नाकासाठी पॅराफिनयुक्त निराळे मलम बनविण्यात आले. शस्त्रक्रियेपूर्वी नाकातील स्टॅफिलोकॉकस जंतूंचा नाश करण्यासाठी डॉक्टर ते साधारणतः ५ दिवस देतात. ते वारंवार वापरल्यास जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

निओमायसिनमुळे अनेकांना अॅलर्जी होते. खाज, लाली व सूज येते. आजार बळावला असे समजून रुग्ण तेच मलम अधिक लावतो. नाकातोंडात फवारण्याचे फ्युसाफंगिन हे प्रतिजैविक तर श्वासनलिका आकसण्यासारख्या गंभीर अॅलर्जीमुळे २०१६ साली युरोपीय संघाच्या बाजारातून काढून घेण्यात आले.

शिवाय नाकातील सर्वच जंतू शत्रू नसतात. तेथील एक जंतू लुग्डुनिन नावाचे द्रव्य तयार करून घातक स्टॅफिलोकॉकसला रोखतो, असे जर्मनीतील ट्युबिंगेन येथील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. सरसकट जंतुनाशामुळे असे रक्षकही नाहीसे होऊ शकतात.

तेव्हा केवळ कोरडेपणासाठी प्रतिजैविक मलम वापरू नये; मिठाच्या पाण्याचे तयार थेंब पुरेसे असतात. वारंवार रक्त येत असल्यास किंवा खपल्या हटत नसल्यास नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवावे आणि त्वचेचे मलम त्वचेपुरतेच ठेवावे.