परत कधी जाणार?

पाहुण्याने दारात पाय धुतले न धुतले तोच "परत कधी जाणार?" असे त्याला विचारणारा यजमान आपल्याकडे अजून जन्माला यायचा आहे. हा प्रश्न मनात येत नाही, असे मी म्हणत नाही. चाळीतल्या दोन खोल्यांत संसार थाटून मे महिन्यात गावाकडची सारी मंडळी अंगावर घेतलेल्या गृहस्थाच्या मनात तो दिवसातून चार वेळा येतो; पण ओठांवर येत नाही. निघणारा पाहुणादेखील "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. 'अतिथी' म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, असे आमच्या संस्कृतच्या गुरुजींनी शिकवले होते. गेल्या मार्चपासून मात्र याच प्रश्नाने आमच्या घरात मुक्काम ठोकला आहे.

झाले असे. माझी धाकटी पुतणी साताऱ्यास एका शाळेत गणित शिकवते. कॉलेजातला तिचा मित्र पाच वर्षांपूर्वी पश्चिमेकडील एका देशात गेला. देशाचे नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण ही कथा कोठेही तशीच घडली असती. दोघांचे लग्न ठरले आहे, म्हणजे त्या दोघांनी ठरवले आहे. वडीलधाऱ्यांचा टिळा व्हायचा आहे. तीन वर्षांत दोघांची भेट दोनदा झाली. मेच्या सुटीत तीन आठवडे त्याच्याकडे जाऊन यावे, त्याचे घर, त्याचे गाव पाहावे आणि मग तारीख धरावी, असा तिचा विचार. विचार शहाणपणाचा होता. आमच्या पिढीने नवऱ्याचे घर पाहिले ते माप ओलांडताना.

अर्ज भरायला ती माझ्याकडे आली. कारण काकांना कागदपत्रांची हौस. बँकेचे पासबुक, मुख्याध्यापकांचे रजेचे पत्र, आयकराची कागदे, वडिलांच्या नावचा सातबारा, असा गठ्ठा आम्ही बांधला. अडलो ते एकाच रकान्यापाशी: भेटीचा हेतू. "ज्याच्याशी लग्न ठरले आहे त्याला भेटणे" असे लिहावे, तर ही मुलगी तिकडेच राहणार असा संशय. न लिहावे, तर साताऱ्याच्या शिक्षिकेने एवढे पैसे खर्चून तिकडे जायचे तरी कशाला? आमच्या ओळखीच्या एका एजंटाने 'पर्यटन' लिहा म्हणून सांगितले. मीही मान डोलावली. खरे सांगायचे तर आग्रह माझाच होता. महिन्याभराने नकार आला. मुदत संपल्यावर आपण देश सोडून जाल अशी आमची खात्री पटलेली नाही, एवढाच त्याचा मथितार्थ.

मुलगी रडली नाही. तिने पत्र घडी करून पाटीगणिताच्या पुस्तकात ठेवले आणि मला विचारले, "काका, हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला हो?" जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. मी वाचू लागलो.

पहिली आठवण झाली ती आनंदीबाई जोशांची. 7 एप्रिल 1883 रोजी अठरा वर्षांची ही मुलगी कलकत्त्याहून आगबोटीत बसली. पती गोपाळराव टपालखात्यातल्या नोकरीमुळे मागे राहिले. पत्नी फिलाडेल्फियात वैद्यक शिकते आहे आणि पती बंगालमध्ये पत्रांची वाट पाहतो आहे, असा तो संसार. पुढे गोपाळरावही अमेरिकेस गेले. 1886 च्या मार्चमध्ये पत्नीला पदवी मिळाली तेव्हा ते तेथे होते. या दोघांना अडचणी थोड्या नव्हत्या. पैसा नव्हता, जातीचा रोष होता. पण अमेरिकेत उतरण्यासाठी व्हिसा लागत नव्हता. आनंदीबाईंनी परत येण्याची ग्वाही दिली ती आपल्याच लोकांना, श्रीरामपूरच्या भाषणात: हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ती कोणी मागितली नाही. याचा अर्थ तो काळ उदार होता असा मात्र कोणी घेऊ नये. चिनी स्त्रियांना संशयाच्या चाळणीतून गाळणारा कायदा अमेरिकेने 1875 सालीच केला होता आणि चिनी मजुरांना दार बंद झाले 1882 साली. आपल्यापर्यंत ती चाळणी अजून पोचायची होती, इतकेच.

पोचली ती कॅनडात. 1904 ते 1908 या काळात पाच हजारांवर हिंदी माणसे, बहुतेक पंजाबी शीख, लाकडाच्या गिरण्यांत काम करण्यासाठी व्हँकूव्हरकडे गेली. जवळजवळ सारे पुरुष. कॅनडाही इंग्रजांच्या साम्राज्यातला आणि हिंदुस्थानही. तेव्हा एकाच राजाच्या प्रजेला उघडपणे 'येऊ नका' म्हणणे कठीण. म्हणून 1908 साली एक नामी हिकमत काढण्यात आली. जो आपल्या मायदेशाहून थेट, मध्ये न थांबता, एकाच तिकिटावर येईल त्यालाच प्रवेश. नियमात हिंदुस्थानचे नावही नाही! पण असे तिकीट विकणे जहाज कंपनीने बंद करावे अशी व्यवस्था झाली होती. शिवाय उतरताना खिशात 200 डॉलर हवेत. दार उघडे ठेवायचे आणि पायऱ्या काढून घ्यायच्या, असा हा मामला.

भागसिंग आणि बलवंतसिंग हे व्हँकूव्हरच्या शीख समाजातले दोन पुढारी. पहिले खालसा दिवाण सोसायटीचे अध्यक्ष, दुसरे गुरुद्वाराचे ग्रंथी. दोघे बायकामुलांना आणायला मायदेशी आले. कलकत्त्यास थेट तिकीट मिळेना. मजल दरमजल करीत हाँगकाँग गाठले, तेथे रखडले आणि अखेर 'माँटीगल' नावाच्या बोटीने 21 जानेवारी 1912 रोजी व्हँकूव्हरच्या बंदरात दाखल झाले. तेथे अंमलदारांनी कुटुंबाचे दोन भाग केले. पुरुष पूर्वीचे रहिवासी, म्हणून त्यांनी उतरावे. बायका आणि मुले 'थेट' आलेली नाहीत, म्हणून त्यांनी परत जावे.

मला या प्रसंगातले एक मूल डोळ्यांसमोरून हलत नाही. बापाचा हात धरून उतरावे तर हद्दपार, आईच्या कडेवर बसावे तरी हद्दपार. जामिनावर त्यांना राहू दिले, कोर्टकचेऱ्या झाल्या, तारा गेल्या, सभा भरल्या. काही महिन्यांनी सरकारने त्यांना राहण्याची परवानगी दिली. मात्र ही केवळ कृपा आहे, कोणी पायंडा समजू नये, असे बजावून. म्हणजे पत्नीने पतीजवळ राहणे हा हक्क नव्हे, ती दिवाळीची बक्षिसी!

बायकांना एवढा विरोध का? कारण विरोधकांनी लपवून ठेवले नव्हते: बायका आल्या की पुरुष कायमचे राहतील. एकटा पुरुष म्हणजे मजूर. तो आज ना उद्या जाईल. चूल पेटली की गाव वसते. माझ्या पुतणीला आलेल्या पत्रातले वाक्य मला येथे, शतकापूर्वीच्या या वादात, पहिल्यांदा भेटले.

पुढची हकीकत दुःखाची आहे. 1914 च्या मे महिन्यात 'कोमागाता मारू' 376 उतारू घेऊन त्याच बंदरात आली. दोन महिने ती समुद्रात उभी राहिली आणि जुलैत तिला परतवण्यात आले. सप्टेंबरात भागसिंग यांना देशप्रवेश खात्याच्या एका खबऱ्याने गुरुद्वारातच गोळी घातली. बलवंतसिंग 1917 साली लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. इकडे महायुद्धात हिंदी शिपायांचे रक्त सांडले होते, त्याची जाणीव म्हणून 1918 च्या साम्राज्य परिषदेत हिंदुस्थानचे प्रतिनिधी सत्येंद्रप्रसन्न सिन्हा यांच्या खटपटीला यश आले आणि 1919 पासून कॅनडात स्थायिक झालेल्या हिंदी माणसाला एक पत्नी व अल्पवयीन मुले आणण्याची मुभा मिळाली. नियम आला, पण त्याचा लाभ घेऊन पोचलेल्या स्त्रिया पुढे कित्येक वर्षे थोड्याच होत्या.

पासपोर्ट आणि व्हिसा यांचे राज्य सर्वत्र पसरले तेही याच युद्धामुळे. त्यापूर्वी युरोपातले बरेचसे देश माणूस नुसत्या तिकिटावर ओलांडी. युद्ध संपल्यावर 1920 साली पॅरिसला परिषद भरली. ही कटकट तात्पुरती आहे अशी बहुतेकांची समजूत होती. परिषदेने पासपोर्टच्या पुस्तकाला 32 पानांचा नमुना मात्र ठरवून दिला. भाड्याने आलेला बिऱ्हाडकरू खुंट्या ठोकू लागला की घरमालकाने काय ते ओळखावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर वाटले होते की प्रेमाला बरे दिवस आले. परदेशात लग्ने केलेल्या सैनिकांच्या बायकांसाठी अमेरिकेने डिसेंबर 1945 मध्ये खास कायदा केला. त्याच्या भरवशावर एलेन नाऊफ नावाची स्त्री 14 ऑगस्ट 1948 रोजी न्यूयॉर्कला आली. जन्म जर्मनीतला, हिटलरच्या काळात निर्वासित म्हणून इंग्लंडमध्ये, तेथे विमानदलात चाकरी. पती अमेरिकन नागरिक, सैन्यात सेवा बजावलेला, आणि त्या वेळी जर्मनीत अमेरिकन लष्कराच्याच नोकरीत. तिला एलिस बेटावर अडकवून ठेवले. कारण? ते गुप्त आहे. सुनावणी? होणार नाही. 1950 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. मे महिन्यात तिला विमानतळावर नेले; विमान सुटायला थोडासाच अवकाश असताना न्यायमूर्ती जॅक्सन यांची स्थगिती आली. वर्तमानपत्रांनी प्रकरण लावून धरले, अखेर सुनावणी झाली, आणि गुपित बाहेर आले तेव्हा त्यात ऐकीव गोष्टींपलीकडे फारसे काही निघाले नाही. नोव्हेंबर 1951 मध्ये ती बाई अमेरिकेच्या भूमीवर मोकळी उभी राहिली. न्यायालयाचा निकाल मात्र तसाच राहिला, आणि पुढच्यांच्या वाट्याला आला तो निकाल.

दुसऱ्याच वर्षी, 1952 साली, अमेरिकेने आपल्या मोठ्या कायद्यात ते गृहीतक लिहूनच टाकले: भेटीस येऊ इच्छिणारा माणूस कायमचा राहायलाच येतो आहे असे समजावे; तसे नाही हे त्याने वकिलातीच्या अंमलदाराला पटवून द्यावे. मुंबईत 1957 पासून 2011 पर्यंत ही वकिलात ब्रीच कँडीला, वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या वाड्यात होती. तेथे पहाटेपासून छत्र्या घेऊन उभ्या असलेल्या आईबापांची रांग मी पाहिली आहे. हैदराबादजवळच्या चिलकूरच्या बालाजीला तर लोकांनी 'व्हिसा बालाजी' करून टाकले. नवस करताना अकरा प्रदक्षिणा, फळल्यावर एकशे आठ. देवाचा भाव वकिलातीपेक्षा स्पष्ट आहे.

इंग्लंडची गोष्ट लिहिताना लेखणी अडखळते. 1979 च्या जानेवारीत लग्नासाठी लंडनला उतरलेल्या एका पस्तीस वर्षांच्या हिंदी शिक्षिकेला विमानतळावर 'ही खरोखर अविवाहित आहे काय' हे ठरवण्यासाठी वैद्यकीय तपासणीला सामोरे जावे लागले. बातमी फुटली, भारतात संताप उसळला, आणि ती चाल बंद झाली. पण पुढे वर्षानुवर्षे, 1997 पर्यंत, तेथे परदेशी वरांना सिद्ध करावे लागे की लग्नाचा मुख्य हेतू इंग्लंडात राहणे हा नाही. बायकोजवळ राहायचे आहे, पण ती राहते तेथे राहायचे नाही, हे कसे सिद्ध करतात ते मला गणिताच्या शिक्षिकेलाही विचारून कळले नाही.

जून 2024 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले की परदेशी जोडीदाराला देशात आणता येणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे. आणि आपण? आपल्याकडेही 1952 पासून पाकिस्तानातल्या नातलगाला व्हिसा लागतो. पुढे तो शहरागणिक बांधला गेला आणि पोलिसांत वर्दी देणे आले. एप्रिल 2025 मध्ये व्हिसे रद्द झाले तेव्हा अटारीच्या नाक्यावर आईचा पासपोर्ट एका रंगाचा आणि मुलांचा दुसऱ्या रंगाचा अशी कुटुंबे उभी होती. कारणे असतील, पण 'माँटीगल'वरचे ते मूल मला तेथेही दिसले.

एक हकीकत मी पुतणीला मुद्दाम वाचून दाखवली. 2020 च्या साथीत सरहद्दी बंद झाल्या, तेव्हा डेन्मार्कने शेजारच्या देशांतल्या प्रियजनांना येऊ देण्याचे ठरवले. प्रेमाचा पुरावा म्हणून आधी छायाचित्रे आणि एकमेकांना धाडलेले निरोप दाखवा असे म्हटले. लोकांनी ओरड केली. तेव्हा सरकारने माघार घेतली आणि लेखी निवेदन पुरेसे मानले.

ती ऐकून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी खरे लिहून दिले."

ऑगस्टमध्ये तिने दुसरा अर्ज केला. या वेळी एजंट नाही आणि काकाही नाहीत. मी फक्त कागदांना टाचण्या लावल्या. हेतूच्या रकान्यात तिने सरळ लिहिले की ज्याच्याशी मी लग्न करणार आहे त्याला भेटायला जात आहे; दिवाळीची सुटी संपली की दहावीच्या वर्गाची भूमिती राहिली आहे, म्हणून परत येणार. खाली मुख्याध्यापकांनी आपल्या हाताने एक ओळ घातली, की भूमिती शिकवणारे दुसरे कोणी आमच्याकडे नाही.

हे लिहीत आहे तो भाद्रपदाचा शेवट आहे. पासपोर्ट अजून आलेला नाही. टपालवाला येण्याच्या वेळी ती ओट्यावर वह्या तपासत बसते, आणि मी आत, आवाज लहान करून, रेडिओ ऐकतो.