नांदेडला जाताय? एक दिवस जादा ठेवा

गोदावरीच्या काठावरील नांदेड हे देशभरातील शीख भाविकांचे श्रद्धास्थान. येथेच १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी ग्रंथसाहिबास गुरुपद बहाल केले. या घटनेच्या त्रिशताब्दीनिमित्त २००८ मध्ये झालेल्या ‘गुरू-ता-गद्दी’ सोहळ्याने शहराचा चेहरामोहराच बदलला. मात्र बहुतेक यात्रेकरू दर्शन घेऊन लगेच परततात आणि नांदेड, लातूर जिल्ह्यांतील बरेच काही पाहायचे राहून जाते. मुक्कामाचे गणित जमवले, तर हे सहज टाळता येते.

कसे जाल?
मुंबईहून तपोवन, देवगिरी, नंदीग्राम या गाड्या मनमाड, छत्रपती संभाजीनगरमार्गे नांदेडला येतात. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेस आहे. शहरात विमानतळ असला तरी विमानफेऱ्या वेळोवेळी बदलतात. त्यामुळे चौकशी करूनच बेत आखावा. लातूरला मुंबईहून येणारी गाडी मात्र पुणे, कुर्डुवाडीमार्गे येते. नांदेड-लातूर हे अंतर रस्त्याने सुमारे १४० किलोमीटर असून लोहा, अहमदपूरमार्गे एसटी हाच सोयीचा पर्याय ठरतो. रेल्वेने परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा पडतो.

कुठे राहाल?
रेल्वे स्थानकापासून गुरुद्वारा जवळच असून रिक्षा मिळतात. गुरुद्वारा परिसरात माफक दरात राहता येईल अशी यात्री निवासे आहेत. लंगरमध्ये सर्वांना विनामूल्य भोजन मिळते. दसरा, दिवाळी आणि होला मोहल्ला या काळात मात्र खोल्या मिळणे कठीण जाते. या दिवसांत आगाऊ नोंदणी करावी, अन्यथा स्थानक परिसरातील लॉजचा आधार घ्यावा लागतो. दर्शनाला जाताना डोके झाकणे आवश्यक आहे.

काय पाहाल?
महाराजा रणजितसिंग यांच्या काळात १८३२ ते १८३७ दरम्यान उभारलेली सचखंड गुरुद्वाराची वास्तू पाहिल्यावर नगिना घाट, बंदा घाट येथे जावे. दुसऱ्या दिवशी सुमारे ५० किलोमीटरवरील कंधारचा राष्ट्रकूटकालीन भुईकोट किल्ला पाहता येतो. पावसाळ्यात पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा प्रेक्षणीय असतो. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या माहूरच्या रेणुकामातेसाठी स्वतंत्र दिवस राखून ठेवावा.

लातूरमध्ये सोळा रस्ते येऊन मिळणारी गंजगोलाई ही बाजारपेठ चुकवू नये. औशाचा किल्ला आणि खरोशाची लेणी लातूरहून एकाच दिवसात पाहून होतात. १७६० मध्ये मराठ्यांनी निजामाचा पराभव केला ती उदगीरची लढाई ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते, तेथील किल्ल्यासाठी मात्र वेगळा दिवस लागतो.

लक्षात ठेवा
आडबाजूच्या ठिकाणी परतीची शेवटची एसटी लवकर सुटते. गावात उतरताच बसस्थानकावर तिची वेळ विचारून घ्यावी, मगच किल्ला किंवा लेणी गाठावीत. उन्हाळ्यात मराठवाड्यातील ऊन कडक असते. भटकंतीसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.