पेपर कुणाचा, बातमी कुणाची?

कळंबच्या बसस्टँडवर आता पेपरापेक्षा मोबाइलकडंच जास्त डोळे लागलेले असतात. वस्तीवर काही घडलं की तासाभरात फोटो फिरतो. आपल्याला वाटतं, आता आपलं तोंड दाबणारं कुणी उरलं नाही. इतिहास मात्र वेगळं सांगतो.

१८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ काढला. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मुंबईत चालवला, गिरणी कामगारांची गाऱ्हाणी छापली. १० जून १८९० ला आठवड्याची सुट्टी मान्य झाली. मी सूतगिरणीत पाळी करतो, सुट्टीच्या दिवशी हे लिहितोय. त्या सुट्टीमागं सभा होत्या, अर्ज होते आणि कामगारांच्या बाजूचा एक पेपरही होता.

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला. शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. ‘केसरी’नं पैसे मोजूनही त्याची जाहिरात घेतली नाही. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतल्याला चौदा दिवस झाले आणि ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ निघाला. बाबासाहेब चोवीस-चोवीस रकाने एकटे लिहीत. तरी पैशापायी १९२९ ला तो बंद पडला. ते थांबले नाहीत. १९३० ला ‘जनता’, १९५६ ला ‘प्रबुद्ध भारत’!

फेब्रुवारी १९४१ ला बाबासाहेब आपल्या शेजारच्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेला आले. ती सभा आपल्यापर्यंत आली ती म्हाताऱ्यांच्या तोंडून. ते गेले की सांगणार कोण?

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि आपली घरं पेटली. औरंगाबादचं ‘मराठवाडा’ दैनिक नामांतराच्या विरोधात उभं होतं. आपल्याकडं पत्रकं होती, त्यांच्याकडं रोज सकाळी दारात पडणारा पेपर होता. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

मोबाइल हातात आपल्या, पण मालक दुसराच. आज फिरलेला फोटो उद्या सापडत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनो, वस्तीवर घडलेलं वहीत टिपा: तारीख, गाव, कुणी काय पाहिलं. खातरजमा करा, मगच छापा. आणि वर्गणी द्या. आपले पेपर शाईवाचून नाही, वर्गणीवाचून मेले.

जय भीम!