विजेच्या मोटारीचा सोवळेपणा

रिता झालेला विद्युत्घट पुन्हां भरतां यावा, ही सोय फ्रान्समध्यें गास्ताँ प्लान्ते यानें १८५९ सालीं शिशाच्या पत्र्यांनीं साधली. परंतु घट भरावयाचा म्हणजे धातूला धातु टेकवावा लागतो, आणि खरी अडचण तेथेंच आहे. श्रोत्यांनीं घरांतील जुन्या टॉर्चमधली हिरवट पडलेली पितळी पट्टी आठवून पाहावी.

गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभागहि प्रत्यक्षांत थोड्याशा सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकतात, आणि सारा प्रवाह त्या चिंचोळ्या वाटांनीं जातो. राग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञानें बर्लिनमध्यें याचा चिकाटीनें अभ्यास करून १९४१ सालीं जर्मन भाषेंत मोठा ग्रंथ लिहिला. गंज चढला किंवा स्प्रिंग सैल झाली कीं रोध वाढतो. एकसहस्रांश ओहम रोधांतून ३० अँपिअर प्रवाह गेला, तर जेमतेम एक वॅट उष्णता होते. रोध एकदशांश ओहम झाला, तर तीच ९० वॅट! एवढी आंच नखाएवढ्या जागेंत कोंडल्यावर कोणतें प्लास्टिक टिकणार?

अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें १९९६ सालीं ‘ईव्ही-१’ ही विजेची मोटार भाड्यानें देण्यास काढली, तेव्हां तिनें स्पर्शच टाळला. प्लास्टिकनें मढवलेलें वल्ह्यासारखें पातें गाडीच्या फटींत सरकवावयाचें. आंतील दोन वेटोळ्यांमध्यें चुंबकीय क्षेत्राचाच काय तो दुवा. सोवळ्यांतली वीजच म्हणा ना! फोर्ड व होंडा यांनीं मात्र त्याच काळांत धातूचा मार्ग धरला. परिणाम असा कीं, एका पंथाची गाडी दुसऱ्याच्या खांबापाशीं उपाशी. अखेर २००१ सालीं कॅलिफोर्नियाच्या हवासंपत्ति मंडळानें स्पर्शाच्या बाजूनें कौल दिला. धातूच्या पद्धतींत रस्त्यावरील सामग्री साधी व स्वस्त पडत होती, हें त्याचें मोठें कारण. पात्यांची यंत्रें मागें पडलीं.

तथापि स्पर्शाचे दोष कौलानें थोडेच जातात? ते रचनेनें आवरावे लागले. २०१० सालीं अमेरिकेंत मान्य झालेल्या गोल जोडणींत पांच पिना आहेत. आंत शिरतांना जमिनीची पिन प्रथम टेकते, संकेताची सर्वांत शेवटीं. बाहेर काढण्यासाठीं मुठीवरचा खटका दाबतांच गाडी प्रवाह ओढणें थांबवते. त्यामुळें धातु सुटतांना ठिणगी उडत नाहीं, आणि पृष्ठभाग करपत नाहीं. शिवाय पिन नळींत घासत जाते, तेव्हां वर बसलेला मळाचा पापुद्रा तीच खरवडून काढते. या घासण्यानें झीज होणारच; म्हणून १०,००० वेळां जोडण्या-काढण्याची कसोटी ठरली. दिवसांतून दोनदां म्हटलें, तरी तेरा वर्षांहून अधिक.