मेमरी संपली की बळी कोणाचा? कुलाब्यापासून सेमाडोहपर्यंतचा इतिहास

थ्रेड. चालू असलेल्या संगणकाची मेमरी संपली, तर काय टाकायचे आणि काय राखायचे हे कोणी ठरवायचे? हा निर्णय माणसाच्या हातून यंत्राकडे कसा गेला, त्याची ही गोष्ट.

१९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा भारतीय बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला. त्याच्या मेमरीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. आजच्या हिशेबाने अवघे १० किलोबाइट! त्या पिढीच्या यंत्रांवर गणित मोठे निघाले, तर ते लिहिणाराच त्याचे तुकडे पाडी आणि कोणता तुकडा केव्हा आत आणायचा ते कागदावर आखी. टंचाईचा कारभार सर्वस्वी माणसाकडे होता.

१९६२ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टरच्या ‘अ‍ॅटलस’ने तो कारभार स्वतःकडे घेतला. आत थोडी वेगवान मेमरी, मागे फिरत्या ड्रमवर मोठा पण संथ साठा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र दोन्ही मिळून एकच विस्तीर्ण मेमरी दिसे. आत जागा नसली की ५१२ शब्दांचे एखादे ‘पान’ ड्रमवर धाडले जाई. कोणते, ते यंत्रच पानांच्या आजवरच्या वापरावरून ठरवी. ही हद्दपारी होती, मृत्युदंड नव्हे. गरज पडताच पान परत येई.

पण या युक्तीलाही मर्यादा होती. फार प्रोग्रॅम एकदम चालवले की यंत्राचा सारा वेळ पानांची ने-आण करण्यातच जातो. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि जागेवरच राहतो. या अवस्थेचे, ‘थ्रॅशिंग’चे, नेमके विश्लेषण पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडले.

१९९१ मध्ये जन्मलेल्या लिनक्सच्या वाटचालीत खरी कठोरता दिसते. प्रोग्रॅम मागतात पुष्कळ, वापरतात थोडे. म्हणून कर्नल जवळ आहे त्याहून अधिक मेमरी देण्याचे वचन देतो. हजार घरी लग्नपत्रिका धाडून पंगत सहाशेंचीच मांडावी, तसे. बहुधा निभावते. सारेच जेवायला आले, तर? त्यासाठी रिक व्हॅन रील यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘ओओएम किलर’ लिहिला. आज तो प्रत्येक प्रोग्रॅमला मुख्यतः त्याने व्यापलेल्या मेमरीवरून गुण देतो आणि सर्वाधिक गुणवानाला ठार करतो. वचन मोडले कर्नलने, शिक्षा भोगली दुसऱ्यानेच! त्यातही सर्व्हरवर सर्वांत मोठा प्रोग्रॅम बहुधा डेटाबेस असतो, म्हणजे ज्याच्यासाठी ते यंत्र उभे केले तोच. एखाद्या प्रोग्रॅमला उणे १००० अशी सूट देऊन अभय देता येते. पण ते आधीच द्यावे लागते.

अँड्रॉइड हा लिनक्सवरच उभा आहे. मात्र तो मेमरी पूर्ण संपण्याची वाट पाहत नाही. पडद्यावरचे अ‍ॅप शक्यतो राखायचे, पडद्यामागची आधी बंद करायची, हा त्याचा क्रम.

येथे सिपना नदीकाठचे सेमाडोह आठवते. मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. व्याघ्र प्रकल्पांतील गस्तीच्या नोंदींसाठी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांची ‘एम-स्ट्राइप्स’ ही प्रणाली आहे. वाट आणि खुणा मोबाइलवर टिपल्या जातात. स्वस्त फोनवर वाट नोंदवणारे कोणतेही अ‍ॅप खिशात चालू असताना पगमार्कच्या छायाचित्रासाठी कॅमेरा उघडला, की मेमरीची ओढाताण सुरू होते. अ‍ॅपने ‘मी चालू आहे’ अशी कायमची सूचना पडद्याच्या माथ्यावर लावली असेल, तर अँड्रॉइड त्याला वरच्या पंक्तीत बसवतो. अनेकांना खटकणारी ती सूचना म्हणजे अ‍ॅपचे अभयपत्रच होय.

तेही पूर्ण अभय नव्हे. शेवटचा आदेश येतो तेव्हा अ‍ॅपला आवराआवर करायला क्षणही मिळत नाही. म्हणून जाणकार प्रोग्रॅमर प्रत्येक बिंदू टिपताक्षणीच फोनच्या कायम साठ्यात उतरवतो. संध्याकाळी एकदम ‘सेव्ह’ करायचे ठेवत नाही.